पाचव्या पानानंतरचा ऑपरेटर

प्रिय मित्रा,

तुझी कथा वाचली. सातपूरच्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा तुझा नायक पहिल्या चार पानांत मला फार आवडला. पाचव्या पानावर त्याला स्किझोफ्रेनिया झाला आणि माणूस गायबच झाला, उरला नुसता आजार. शेवटी तो भावावर कोयता उगारतो. का? ‘वेडाच्या भरात’ हे कारण होत नाही. हा आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत. उलट मार आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला जास्त येते. हा शेवट काढून टाक, असंच मी सांगेन.

त्याच्यात ‘दोन माणसं’ राहतात, हेही काढ. तो निराळाच आजार. त्याला ऐकू येणारे आवाज मात्र ठेव. ते त्याला खरेच ऐकू येतात, त्याच्या वागण्यावर शेरे मारतात, हे तू चांगलं लिहिलंयस. पण आवाजांच्या आधी बरंच काही घडतं. बोलणं आटतं, आंघोळ टळते, मित्र तुटतात. घरचे त्याला आळशी म्हणतात. मग वडील आधी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घेतील, सिव्हिलला नंतर नेतील. त्यांना खलनायक करू नकोस; ते घाबरलेत, आणि पोरावर त्यांचा जीव आहे.

गोळ्यांचं तर तू एका ओळीत उरकलंस! खरी कथा तिथे आहे रे. नीट गुण यायला काही आठवडे जातात. तोवर झोप अनावर होते, वजन वाढतं, काहींचे हात थरथरतात. तुझा नायक मायक्रोमीटर हातात धरून बारीक मापं घेणारा. तो हात थरथरायला लागला, तर तो सुपरवायझरला काय सांगेल? गोळी चुकवेल की नोकरी? आवाज कमी झाल्यावर त्याला हायसं वाटेल की सुनंसुनं? यावर चार पानं लिही.

शुद्धीवर असताना शॉक देण्याचा प्रसंग आजच्या काळात चालणार नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

नवा खर्डा हा आजार जगलेल्या कुणाला तरी वाचायला दे, त्यांची इच्छा असेल तरच. त्यांनी सांगितलेलं विचारल्याशिवाय कथेत घालू नकोस. मग रविवारी गंगापूर रोडला घरी ये, पाचव्या पानापासून एकत्र वाचू.

तुझा,
काका