कुत्र्याच्या डोळ्यांतली चिपडं

प्रश्न (सातारा): अजिंक्यताऱ्याच्या उतारावर फिरवून आणल्यापासून आमचा लॅब्रॅडॉर उजवा डोळा मिटून बसतो. आधी नुसतं पाणी यायचं, तिसऱ्या दिवशी पिवळी चिपडं आली. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरलेत. घालू का?

उत्तर: नका घालू. त्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. बाटलीवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन असं काही लिहिलेलं दिसेल. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडने तो भरत नाही, उलट खोल जातो. कधी बुबुळाला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. लाली मात्र उतरते, त्यामुळे गुण आल्यासारखं वाटतं. फसगत होते ती इथंच.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या: डोळा एकच, आणि तोही मिटलेला. धूळ किंवा ॲलर्जी असती तर बहुतेक दोन्ही डोळे गळले असते. डोळा मिटतो म्हणजे तो दुखतोय. पावसाळा सरला की डोंगरउतारावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाचे बारीक केस मागे वळलेले असतात, म्हणून ते पुढेच सरकतं आणि तिसऱ्या पापणीच्या मागे जाऊन बसतं. ही पापणी म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यातला गुलाबी पडदा. तुम्ही खालची पापणी कितीही ओढून पाहिलीत तरी कुसळ दिसणार नाही. डॉक्टर डोळा बधिर करणारे थेंब घालून तो पडदा चिमट्याने उचलतात, तेव्हा सापडतं. मग फ्लुओरेसिन या रंगद्रव्याची नारिंगी पट्टी टेकवतात. बुबुळ जिथं सोललंय तेवढा भाग निळ्या उजेडात हिरवा चमकतो.

हे आजच करून घ्या. तोवर मेडिकलमधलं साधं 0.9 टक्के सलाइन धारेने सोडून डोळा धुवा आणि गळ्यात प्लॅस्टिकची शंकूसारखी कॉलर घाला, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोचणार नाही. मूळ ओरखड्यापेक्षा पंजाने चोळून झालेली इजाच पुष्कळदा मोठी निघते. उसाच्या फडात शिरणाऱ्या कुत्र्यांचंही असंच होतं. पात्याची कड करवतीसारखी असते.

प्रश्न (सांगली): आठ वर्षांच्या पगच्या दोन्ही डोळ्यांत चिकट, तार सुटणारी घाण येते. अँटिबायोटिक थेंबांनी आठवडाभर बरं वाटतं, परत तेच. आई हळदीच्या पाण्याने डोळे पुसते.

उत्तर: आधी हळद बंद. सांगलीत राहून हळदीला नावं ठेवणं जिवावर येतं, पण पूड पाण्यात विरघळत नाही, तिचे कण बुबुळावर घासतात.

हे कोरड्या डोळ्याचं लक्षण वाटतं. एवढी घाण येत असताना डोळा कोरडा कसा, असं वाटेल. अश्रूंचा पाणीदार भाग आटतो, चिकट भाग तेवढा उरतो. जंतू त्यावर मागाहून वाढतात. म्हणून अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं वाटतं. तपासणी सोपी आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी 1 मिनिट अडकवायची. ती 15 मिमी किंवा जास्त भिजली तर ठीक, 10 च्या आत असेल तर कोरडेपणाची दाट शंका. मात्र पट्टी लावण्याआधी थेंब घालू नका, नाहीतर आकडा खोटा येतो.

बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटलेली असते. त्यावर डॉक्टर सहसा सायक्लोस्पोरिनचं 0.2 टक्के मलम दिवसातून दोनदा देतात. गुण यायला महिना-दीड महिना लागू शकतो, आणि औषध बहुधा जन्मभराचं. ‘आता बरं झालं’ म्हणून परस्पर थांबवलं की बुबुळावर तपकिरी थर चढू लागतो आणि नजर जाते.

औषधाआधी घाण काढा, नाहीतर मलम घाणीवरच बसतं. कोमट सलाइनमध्ये भिजवलेला गॉजचा तुकडा मिटलेल्या डोळ्यावर 1-2 मिनिटं धरा, चिपडं मऊ झाली की नाकाकडून कानाकडे पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवा तुकडा घ्या. सुटा कापूस नको, तंतू आत राहतात. दोन औषधं असतील तर आधी थेंब, 5-10 मिनिटांनी मलम. बाटली डोक्यामागून आणा, समोरून आली की कुत्रं मान फिरवतं. पगची मान आवळून मात्र धरू नका. त्याच्या डोळ्याची खोबण उथळ असते, दाबाने डोळा बाहेर येऊ शकतो.

प्रश्न (कराड): पांढऱ्या पॉमेरेनियनच्या डोळ्यांखाली तांबूस ओघळ पडलेत. इन्फेक्शन आहे का?

उत्तर: डोळा लाल नसेल, कुत्रं तो मिटत नसेल, तर बहुधा नाही. अश्रूंतल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्याने केस रंगतात. रोज ओलं पुसून कोरडं करा, कोपऱ्यातले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा. ओघळ अलीकडेच सुरू झाले असतील तर अश्रूंची नळी तुंबलीय का, आत वळलेली पापणी टोचतेय का, हे तपासून घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ नेऊ नका.

प्रश्न (विटा): दोन महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांतून आणि नाकातूनही पू येतो. खात नाही. लस दिलेली नाही.

उत्तर: थेंबांत वेळ घालवू नका, ही डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांतल्या एका संसर्गजन्य विषाणूरोगाची, लक्षणं असू शकतात. आजच दवाखान्यात न्या. आधी फोन करून कळवा, म्हणजे बाकीच्या कुत्र्यांत बसवणार नाहीत. घरच्या दुसऱ्या कुत्र्याची भांडी आणि अंथरूण आत्ताच वेगळं करा.