वाचकांचे प्रश्न : विक्री शोरूमची, कमाई वर्कशॉपची

प्रश्न : गाडी घेताना शोरूमने भरघोस सवलत दिली, सीट कव्हरही फुकट दिले, आता सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र शंभर रुपयेही सोडत नाहीत. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यास वॉरंटी रद्द होईल, असेही बजावतात. हे खरे आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : या दोन्ही वागण्यांचे मूळ एकच आहे. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरच्या हाती किमतीचे थोडेच टक्के राहतात, आणि महिनाअखेरीचे टार्गेट गाठण्यासाठी त्यातलाही बराचसा भाग सवलतीत जातो. त्यातच यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चालूच असते. त्यामुळे जागेचे भाडे, पगार आणि वीजबिल भागते ते विम्यावरच्या व कर्जावरच्या कमिशनवर, आणि मुख्यतः वर्कशॉपवर. एकूण खर्चाचा किती वाटा एकटे वर्कशॉप उचलते, यावरूनच जाणकार लोक डीलरशिपची प्रकृती ओळखतात.

तेव्हा घासाघीस करायची असेल, तर ती जॉब कार्डावर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्यापूर्वी करावी. सर्व्हिस अॅडव्हायझरने लिहिलेल्या यादीत इंजिन ऑइल आणि फिल्टर यांच्याखाली इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन अशा ओळी हळूच येऊन बसतात, कारण अशा जादा कामांचे टार्गेट त्यालाही असते. डॅशबोर्डच्या कप्प्यातले मॅन्युअल काढून त्या किलोमीटरला कोणती कामे नेमून दिली आहेत ते पाहावे आणि त्यात नसलेल्या प्रत्येक ओळीचे कारण विचारावे. समाधानकारक कारण मिळाले नाही, तर ती ओळ खोडायला सांगण्यात संकोच कसला?

वॉरंटीबाबत तुम्हाला अर्धेच सांगितले गेले आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे त्या आदेशात म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले, त्यामुळे एवढ्या आदेशावर विसंबून काउंटरवर भांडण्यात हशील नाही. वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावी आणि टायर, व्हील अलाइनमेंट, बॅटरी अशा कामांसाठी खुशाल बाहेर जावे, हेच व्यवहार्य आहे. बाहेरच्या कामाची पक्की बिले मात्र जपून ठेवावीत.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीला सर्व्हिसिंगच नसते, असे म्हणतात. मग डीलर जगणार कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्व्हिसिंगच नसते, ही अतिशयोक्ती झाली, पण वर्कशॉपची नेहमीची कमाई तिथे आटते, यात शंका नाही. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यांपैकी काहीच नाही, आणि वेग कमी करताना मोटरच बॅटरी चार्ज करत असल्यामुळे ब्रेक पॅडही जास्त टिकतात. टायर, सस्पेन्शन, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि एसीचा फिल्टर एवढी कामे उरतात. उत्पन्नाचा कल म्हणूनच बॉडीशॉपकडे, म्हणजे अपघातानंतरच्या डेंटिंग-पेंटिंगकडे, तसेच एक्स्टेंडेड वॉरंटी आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीकडे वळतो आहे. गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटीचा किंवा शोरूमच्याच विम्याचा आग्रह वाढला, तर त्यामागचे गणित हे आहे. विम्याचे दर तरी बाहेर विचारून पाहावेत. विमा शोरूमकडूनच घेण्याचे बंधन नाही.

प्रश्न : काही कंपन्या सगळीकडे एकच किंमत ठेवतात. तिथे डीलरचे काम काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या शेजारच्या चाकणमध्ये गाड्या बनवणाऱ्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात ही पद्धत आणली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा असतो आणि ग्राहकाच्या नावाचे बिलही कंपनीच काढते. डीलर गाडी दाखवतो, ग्राहकाच्या हाती सोपवतो आणि कमिशन घेतो. साठ्यात अडकणारे भांडवल आणि त्यावरचे व्याज वाचल्यामुळे त्याची जोखीम घटते, पण त्याबरोबर किंमत ठरवण्याचा अधिकारही जातो. सवलतीसाठी पुण्याहून मुंबईचे शोरूम गाठण्यात त्यामुळे अर्थ राहत नाही. सर्व्हिसिंगचा व्यवसाय मात्र डीलरकडेच राहिला आहे, तेव्हा जॉब कार्डाविषयी वर जे लिहिले, ते या गाड्यांनाही लागू पडते.