आकडा लाव, पण वहीत

पोरा,

परवा फोनवर बोलता बोलता तू सांगितलंस की पगार झाला की तुम्ही चौघं बाची ओलांडून महाराष्ट्रात शिनोळीला लॉटरी काढायला जाता, आणि लगेच "मामा, रागावू नका हं" पण म्हणालास. रागावतो कशाला, मी कुठल्या तोंडानं रागावू? बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत होतो तेव्हा आपल्याकडं पण तिकिटं उघड मिळायची, 2007 साली कर्नाटकानं लॉटरी बंद केली तोपर्यंत. पगाराच्या पाकिटातनं पहिलं जायचं ते तिकीट, मग दूधवाला, मग काय उरेल ते मामीच्या हातात. एकदा शेवटच्या चार आकड्यांतले तीन जुळले, एकच हुकला, आणि त्या एका आकड्यापायी पुढं दोन वर्षं मी दुप्पट तिकिटं घेत होतो, वाटायचं आता जवळ आलोय.

जवळ-बिवळ काही नसतंय. लई उशिरा एकदा कागद घेऊन बसलो. चार आकडी नंबर एकूण 10,000, त्यातला आपला एक. आणि एकच आकडा चुकलेले नंबर किती? चार जागा, दर जागेला दुसरे नऊ आकडे, म्हणजे 36. लागण्यापेक्षा असं थोडक्यात हुकणं 36 पट जास्त वेळा होणार आणि दर वेळी आपण अर्रर्र म्हणत परत दुकानात जाणार. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मामीची पाटली वाचली असती, जाऊदे.

पण मजा होती रे, ते खोटं कशाला बोलू. तिकीट खिशात असायचं आणि निकाल बघेपर्यंत भट्टीसमोरची शिफ्ट कशी जायची कळायचं नाही, बंगल्याला रंग कुठला द्यायचा हे पण ठरवून व्हायचं. मजा ती वाट बघण्यात होती, निकाल बघितला की खलास. मग वाट बघायला पैसे कशाला लागतात?

म्हणून आता मी वहीत खेळायलोय. केरळ सरकारच्या लॉटरीची सोडत रोज दुपारी तीनला असते, नंबर सहा आकडी, निकाल मोबाईलवर फुकट दिसतो. पहिल्या बक्षिसाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ओळखायचे, तीनच्या आत, तारीख घालून, पेननं. पेननंच हं! "मी मनात धरलेलाच होता" चालणार नाही, मनातला आकडा नंतर नेहमीच लागतो. सगळे सहा आकडे लिहायला जाऊ नको, रोज लिहिलास तरी सरासरी 2,700 वर्षं लागतील. दोन आकड्यांना शंभरात एक चान्स, आणि तरी शंभर दिवसांत लागेलच असं समजू नको, एकदाही न लागण्याची शक्यता 37 टक्के आहे. माझा पहिला लागला 143 व्या दिवशी, 08. खुर्चीतनं उठून ओरडलोच, मामी स्वयंपाकघरातनं "किती लागले?" म्हणत पळत आली, म्हटलं काही नाही, तर तिनं डब्यातले पैसे काढून मला कुंदा आणायला पाठवलं.

डबा म्हणजे, रोज आकडा लिहिला की तिकिटाचे म्हणून 50 रुपये त्यात टाकायचे. वर्षाला 18,250 होतात. तुला जमेल तेवढे टाक, पण टाक.

दोन गोष्टींना जप. रोज एकच आकडा धरू नको, नाहीतर एक दिवस चुकला की आजच आला असेल म्हणून जीव जातो. आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी खरंच घेतलं असतं तर असं डोक्यात येणारच, मला पण आलं, तेव्हा आधीची 142 पानं उलटून बघितली, हिशेब वहीतच होता. तो आकडा घेऊन ओसीवाल्याकडं, म्हणजे मटकेवाल्याकडं, तर अजिबात जायचं नाही.

चौघं आहात तर चहाच्या टपरीवर गाड्यांचे नंबर ओळखत बसा, केए 22, एमएच 09, पुढच्या गाडीचे शेवटचे दोन आकडे. हरला त्यानं सगळ्यांना पाणी आणायचं, बास. चहा पण लावायचा नाही, मी लावलाय, चहावरनं भजी आणि भज्यावरनं शंभरची नोट कधी आली कळलं पण नाही. नाहीतर दहाजणांची भिशी करा, लहान पोराला चिठ्ठी उचलायला लावा, छाती तेवढीच धडधडते आणि आपले पैसे आपल्याकडं फिरून येतात.

आणि मोबाईलवर तुम्हाला लॉटरी लागली, आधी टॅक्स भरा असा मेसेज आला तर उत्तर पण देऊ नको. खऱ्या बक्षिसाचा टॅक्स बक्षिसातनंच कापतात, आधी मागत नाहीत. कुणी भरून बसला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 नंबराला फोन लावायला सांग.

वही घेतलीस की पहिला आकडा मला कळव. मी आज 47 लिहिलाय, तीनला वीस मिनिटं कमी आहेत, मामी चहा ठेवायलीय आणि माझा एक डोळा घड्याळाकडं आहे.

तुझा मामा