ड्रॉइंग त्यांनी बदलले, एलडी माझ्या बिलातून!

प्रश्न : भोसरीत माझे छोटे मशिन शॉप आहे. लष्कराच्या एका आस्थापनेने परदेशी सुट्या भागाच्या जागी बसेल असे हाउसिंग (आतले भाग धरणारे कवच) विकसित करण्याची ऑर्डर दिली. 24 नग, नगाला 75 हजार. 16 नग वेळेत पोचले. उरलेल्यांचे टर्निंग (लेथवरचे काम) झाले आणि ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती ईमेलने आली, भोकांची जागाच बदललेली! आठ नग भंगारात घालून नव्याने केले. 47 दिवस उशीर झाला. मुदतवाढ मिळाली, पण बिलातून 63 हजार एलडी (उशिराबद्दल करारात ठरलेली भरपाई) कापली. काय करू?
– एक लघुउद्योजक

उत्तर : मी भांडार खरेदीत नोकरी केली, लाल शाईने एलडी लिहिलेली कित्येक बिलं माझ्याच हातून गेली. त्यामुळे आधी हिशेब तपासतो. नेहमीचा दर आठवड्याला अर्धा टक्का, आणि 'आठवडा किंवा त्याचा भाग' असं कलमात असल्यामुळे 47 दिवसांचे सात आठवडे धरतात. म्हणजे साडेतीन टक्के. पण कशावर? प्रचलित कलम उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर आहे. आठ नगांचे 6 लाख, त्याचे 21 हजार. तुमचे 63 हजार झाले, कारण कुणीतरी सगळे 18 लाख धरले. ऑर्डरमधलं कलम काढून शब्द वाचा. बहुतेक 42 हजार इथेच परत येतील.

आता उरलेले 21 हजार. मुदतवाढीच्या पत्रात 'एलडीचा हक्क राखून' लिहिलंय की 'एलडीसह'? 'एलडीसह' असलेल्या करार-दुरुस्तीवर सही करून दिली असेल तर अवघड आहे. हक्क नुसता राखून ठेवला असेल तर एलडी माफ करून घ्यायला जागा आहे. ड्रॉइंगचा तो ईमेल हाच तुमचा हुकमी पत्ता. खरं तर त्याच दिवशी 'आठ नग बाद, इतके दिवस लागतील' असं उलट कळवायला हवं होतं. आपली माणसं फोनवर साहेबांशी बोलतात आणि निश्चिंत होतात. फाइलला फोन ऐकू येत नाही!

शिवाय करार कायदा 1872 चं कलम 74 सांगतं की ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा, भरपाई मात्र वाजवीच मिळते. पण एवढ्यासाठी वकील करू नका.

1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी नियमावलीत विकसनाच्या टप्प्यात एलडी न लावण्याची तरतूद आली. नमुना तयार झाल्यावर किमान 0.1 टक्का, एरवी कमाल 5 टक्के, अवाजवी उशीर असेल तरच 10. ऑर्डर त्याआधीची असेल तर तिच्यावर छापलेलं कलमच चालणार. डीआरडीओची खरेदी नियमावली वेगळी, तिची गल्लत करू नका.

एक पानी अर्ज करा. दोन्ही ड्रॉइंग, ईमेल आणि 16 नगांची पोचपावती जोडा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.