पहिल्या तासाला कॉम्प्युटर नकोच

मॅडम, सातवी-आठवीच्या मुलांना कॉम्प्युटरवर पानं, पोस्टरं मांडायला शिकवायचंय, सुरुवात कशी करू, असं विचारताय, तर पहिल्या तासाला कॉम्प्युटर लावूच नका. पोस्टाची तिकिटं वाटा. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येही तिकिटं छापतात म्हटलं की पोरं कान टवकारतात. मग विचारा, एवढ्याशा जागेत आधी काय दिसलं? किंमत कुठे आहे? मोकळी जागा किती सोडलीय? निम्मं डिझाइन इथेच शिकवून होतं.

पानं मांडायचं सॉफ्टवेअर स्क्रायबस घ्या, फुकट आहे. फक्त १.६ किंवा पुढची आवृत्ती टाका, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवरही मराठीच दिसतो. मुक्ता किंवा बालू छान.

सुरुवातीला एवढंच:
- पान ए४, चारही बाजूंनी १५ मिमी समास
- फॉन्ट जास्तीत जास्त दोन, रंग काळा अधिक एक
- मजकूर आधी वहीत, शुद्धलेखन तपासून

हमखास होणारी चूक म्हणजे सगळंच मधोमध. लग्नपत्रिका बघून डोळ्यांना तीच सवय! तोच मजकूर डावीकडे लावून दोन्ही प्रिंट शेजारी टांगा, मुलं स्वतःच बोलतील.

दुसरी चूक, मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेला फोटो ताणणं. मीही केलीय. स्नेहसंमेलनाच्या पोस्टरवर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा नुसते चौकोनी ठिपके! आता मूळ फाइल हातात आल्याशिवाय फोटो लावत नाही.

सीएमवायके (छपाईचे चार रंग), ब्लीड (कापण्यासाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेली छपाई), मास्टर पेज (सगळ्या पानांचा एकच साचा) वगैरे दिवाळीनंतर. आधी द्राक्षांच्या स्टॉलचा फलक करून घ्या, फळ्यावर चिकटवा आणि शेवटच्या बाकावरून भाव वाचता येतो का ते बघा.