अमेरिकन पद्धतीचं ग्राउंड बीफ आणि भाज्यांचं सूप ठाण्यात घरी कसं करता येईल? बीफऐवजी काय वापरू? माझं सूप पाणचट का होतं?

आधी मांसाचं बोलू. १९७६ च्या कायद्यात २०१५ साली बदल झाल्यापासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस त्यात येत नाही, त्यामुळे तुम्हाला चालत असेल आणि मिळत असेल तर म्हशीचा खिमा मूळ चवीच्या सगळ्यात जवळ जातो. मी नौपाड्यात राहतो आणि घरी सगळ्यांना चालतं म्हणून मटणाचाच करतो. अमेरिकेतल्या ग्राउंड बीफमध्ये बऱ्याचदा वीस टक्क्यांपर्यंत चरबी असते. आपलं बोकडाचं मटण त्या मानाने कोरडं, म्हणून खाटकाला थोडी चरबी घालून खिमा करायला सांगायचं. सोबत तीन-चार हाडं मागून घ्यायची.

आता पाणचटपणा. तुम्ही बहुधा खिमा धुऊन, निथळायच्या आतच पातेल्यात ओतत असाल. मग तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि राखाडी पडतो. या सुपाची सगळी चव खिमा तांबूस होण्यात आहे, कारण त्यात आपल्यासारखा मसाला नसतो. धुतलात तर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवा, चमचाभर तेल घाला आणि अर्धा किलो खिमा दोन वेळा करून टाका. टाकल्यावर दोन मिनिटं उलथनं लावायचं नाही. हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात. पाणी आटून चरचर आवाज बदलला की मगच हलवा. बुडाला तपकिरी थर धरतो. करपू मात्र द्यायचा नाही. खिमा बाजूला काढून त्याच तेलात दोन कांदे आणि चार लसूण पाकळ्या परता, पाण्याचा हबका मारा आणि तो थर खरवडून घ्या.

हाडं आधीच दीड लिटर पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या करून ठेवलेली असतात. ते पाणी गाळून घालायचं, खिमा परत टाकायचा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवायचं. मग तीन गाजरं, दोन बटाटे, मूठभर फरसबी. भाजी मी जांभळी नाक्यावरून आणतो. तिथे सेलरी मिळाली तर तिचे दोन दांडे कांद्याबरोबर परततो, नाही मिळाली तर अडत नाही.

बटाटा शिजत आला की मगच तीन टोमॅटोंचा रस घाला. आंबटात बटाटा टणक राहतो. वरणात चिंच आधी पडली की डाळ शिजायला रुसते, तसंच. मटार शेवटची पाच मिनिटं. मीठ, भरपूर मिरपूड. मूळ पाककृतीत थाइम हा सुगंधी पाला असतो. मी चिमूटभर ओवा चुरडून घालतो, दोन्हींत थायमॉल नावाचं सुगंधी द्रव्य असतं म्हणून वास जुळतो. तमालपत्र मात्र अर्धंच, आपलं तमालपत्र त्यांच्या बे लीफहून वेगळं, दालचिनीकडे झुकणारं.

आणि गरम मसाल्याचा डबा लांब ठेवा. पहिल्यांदा मी मोह न आवरून चमचाभर घातला होता. आईने चव घेतली आणि म्हणाली, "खिम्याचा रस्सा चांगला झालाय, भाकऱ्या टाकू का?"

एवढ्यात चार-पाच जणांचं पोटभर होतं. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं, पण ठाण्याच्या उकाड्यात ओट्यावर ठेवू नका, तासाभरात फ्रीजमध्ये. फ्रीझरला टाकायचं असेल तर बटाटा न घालता करा, नंतर तो पिठूळ होतो. सोबत लादीपाव, तव्यावर लोणी लावून कडक भाजलेला.