चित्रशंका: लहानपणचा तलाव कागदावर

प्रश्न: लहानपणी आजोबांचं बोट धरून तलावपाळीला जायचो. तो तलाव रंगवायचा आहे. हल्लीच काढलेल्या फोटोवरून जलरंगात दोनदा केला. मासुंदा तलाव आहे हे कुणीही ओळखेल, पण मला तो माझा वाटत नाही. काय चुकतंय?
(वाचक, चरई, ठाणे)

उत्तर: आधी क्षितिजरेषा तपासा. उभ्यानं काढलेल्या फोटोत क्षितिज तुमच्या आजच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं, जमिनीपासून साधारण दीड मीटर. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे मीटरभराच्या जरासेच वर असतात. सपाट जमिनीवर उभा असलेला माणूस जवळ असो की लांब, क्षितिजरेषा त्याला बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच छेदते. म्हणून मोठ्यांच्या फोटोत गर्दीची डोकी साधारण एका ओळीत येतात. मुलाच्या नजरेत तीच रेषा मोठ्यांच्या पोटावरून जाते आणि डोकी आभाळात जातात. जो जवळ, त्याचं डोकं सर्वांत वर. कागदावर आजोबा 16 सेंटिमीटर उंच असतील तर त्यांच्या पावलांपासून 10 सेंटिमीटरवर क्षितिज आखा. कठडा अंगावर येईल, पाण्याची पट्टी अरुंद होईल, होडी अर्धी झाकली जाईल. पाणी कमी पडलं म्हणून वाढवायला जाऊ नका, तिथंच चित्र पुन्हा मोठ्या माणसाचं होतं.

मग फोटो मिटून ठेवा. तळहाताएवढ्या कागदावर 4बी या मऊ, काळ्याभोर पेन्सिलीनं रोज एक कच्चं रेखाटन करा, आदल्या दिवशीचं न बघता. आठवड्यानं सगळी शेजारी मांडा. जे पुन्हा पुन्हा आलंय ते ठेवा. एकदाच आलेलं बहुधा फोटोतलं असतं. फार थोडं उरलं तरी बिचकू नका. चित्रकार सय्यद हैदर रझा यांना मध्य प्रदेशातल्या शाळेत गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्यावर लक्ष द्यायला लावलं होतं. पुढं त्यांच्या चित्रांत बिंदू आला, शाळा नाही.

आठवणीतले रंग प्रत्यक्षापेक्षा भडक असतात. ते मुद्दाम फिके करू नका, पण एकाच जागी वापरा: फुगा म्हणा, सरबताची बाटली म्हणा. बाकी चित्र करड्यात ठेवा. अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग, वर भरपूर पाणी. ट्यूबमधला काळा नको, त्यानं आभाळ मळकट होतं.

प्रश्न: शाईनं रेघ काढून रंग लावला की रेघ पसरते. आधी काय करावं?
(वाचक, नेरुळ)

उत्तर: फाउंटन पेनची साधी शाई पाण्यात विरघळते, म्हणून पसरते. वॉटरप्रूफ इंडियन इंक घ्या, पण ती बोरूनं किंवा टाकानं वापरा; फाउंटन पेनमध्ये भरली तर आत सुकून पेन कायमचं बसतं. आठवणीच्या चित्राला आम्ही आधी रंग, मग रेघ सुचवू. रेघ आधी आली की हात तिच्या आतच रंग भरत बसतो आणि रंगभरणाच्या पुस्तकासारखं दिसतं. आधी रंगाचे सैल डाग पडले, तर रेघ त्यांच्यावरून मोकळी जाते.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) घ्या, हलका कागद ओला झाला की फुगतो. खाडीकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर फारच, वरून कोरडा दिसणारा कागद आतून ओला असतो आणि रेघेला केसासारखे फाटे फुटतात. हाताची मागची बाजू कागदाला टेकवून बघा. गार लागला तर अजून थांबा.